बी-४०४ विकायचा नाही

देशपांडे बी-४०४: नमस्कार मंडळी. संध्याकाळी बाकावर चर्चा झाली म्हणे, की देशपांडे फ्लॅट विकून जावयाला पैसे देतायत. कृपया नोंद घ्यावी. फ्लॅट विकायला काढलेला नाही. जावयाने, मिहिरने, पाच पैसे मागितलेले नाहीत. विषय आमच्या मुलीच्या, मुग्धाच्या यूके व्हिसाचा आहे. शंका असल्यास मला विचारावं, वॉचमनला नाही 🙏

शिर्के ए-१०२: काका, मनावर घेऊ नका हो. पण परवा तुमच्या हॉलचे फोटो काढत होता तो माणूस कोण?

देशपांडे बी-४०४: व्हॅल्युअर, फ्लॅटची किंमत ठरवणारा. नंबर जोशींनीच दिला होता.

जोशी सी-३०३: बरोबर. फ्लॅटचं व्हॅल्युएशन करायचं, सीएचं सर्टिफिकेट जोडायचं. आमच्या चिन्मयच्या अमेरिकेच्या व्हिसाला तेवढंच केलं होतं. काम झालं.

सायली सी-२०१: जोशी काका, ते शिक्षणाला. हा यूकेचा स्पाउस व्हिसा, नवऱ्याकडे राहायला जायचा. इथे फ्लॅटची किंमत शून्य धरतात. विकून पैसे खात्यात आले तरच मोजतात, तेही फ्लॅट मुग्धाच्या किंवा मिहिरच्या नावावर असेल तर.

शिर्के ए-१०२: सायली!! तू लेस्टरला ना? अजून ग्रुपवर?

सायली सी-२०१: फ्लॅट माझ्याच नावावर आहे काका. पाण्याच्या टाकीचे सगळे मेसेज इकडे रात्रीबेरात्री येतात 😄

पाटील काकू बी-१०१: कशाला एवढा खटाटोप म्हणते मी. आमची सून गेली की झटक्यात. असलं काही विचारलं नाही कोणी.

सायली सी-२०१: काकू, तुमचा अमेय वर्क व्हिसावर आहे, सून त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर गेलेली. तिथे जोडीदारासाठी २८५ पौंड २८ दिवस खात्यात दाखवायचे, नाहीतर कंपनी लिहून देते. मिहिर यूकेचा कायमचा रहिवासी झालाय, म्हणून त्याला वर्षाला २९,००० पौंड पगार दाखवावा लागतो. जो पक्का झाला त्यालाच जास्त छळ, आहे खरं असं.

देशपांडे बी-४०४: मिहिरला २६,४०० आहे. २,६०० साठी अडलंय सगळं.

कामत डी-१०४: माझ्या भाचीच्या वेळी १८,६०० होतं. नक्की आठवतंय. कोणीतरी चुकीचा आकडा सांगतंय.

सायली सी-२०१: कामत काका, ११ एप्रिल २०२४ च्या आधी १८,६०० च होतं, २०१२ पासून. मी त्यातच आले. आधीच्या सरकारला ते ३८,७०० पर्यंत न्यायचं होतं, नव्या सरकारने ते थांबवलं. सरकारच्या समितीने जून २०२५ मध्ये आकडा खाली आणता येईल असा अहवालही दिला. पण अर्ज भरताना २९,०००च धरून चालायचं.

जोशी सी-३०३: म्हणूनच म्हणतो, व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लावा. ९० लाखांचा फ्लॅट बघून कोण नाही म्हणेल.

देशपांडे वहिनी: आणि मुग्धाला ऐरोलीला एवढा पगार आहे त्याचं काय? मिहिरपेक्षा काही फार कमी नाही.

सायली सी-२०१: काकू, तिचा भारतातला पगार धरत नाहीत. ती यूकेत नोकरीला लागली की पुढच्या मुदतवाढीला चालतो. पहिल्या वेळी नाही.

पाटील काकू बी-१०१: इथे मुलं नव्हती का हो. ठाण्यात एक सोडून दहा दाखवली असती. असो. मी काही बोलत नाही.

देशपांडे वहिनी: बोललात की.

शिर्के ए-१०२: 🍿

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे. तसेच पांढरी स्विफ्ट पुन्हा अग्निशमनच्या जागेत लागली आहे.

कामत डी-१०४: ती माझी नाही.

सेक्रेटरी: तुमची आहे असं मी म्हटलेलं नाही.

कामत डी-१०४: अमेरिकेत तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे दुसऱ्या कोणाची हमी चालते. दुसऱ्या भाचीच्या सासऱ्यांच्या मित्राने सही केली, झालं. इथे काका स्वतः सही करून देतील.

सायली सी-२०१: यूकेत तशी सही धरून चालायचं नाही. पगार कमी पडला तर बचत दाखवायची. हिशोब असा: कमी पडलेले २,६०० गुणिले अडीच, म्हणजे ६,५००. त्यात १६,००० मिळवायचे. एकूण २२,५०० पौंड.

देशपांडे बी-४०४: पौंडाला ११५ च्या भावाने २५ लाख ८७ हजार. २,६०० कमी म्हणून २२,५०० दाखवा. व्वा रे हिशोब. आणि रुपया पडला की आकडा वर.

शिर्के ए-१०२: काका, आपण सव्वीस घरं लाख लाख टाकू. व्हिसा आला की परत घ्या आपापले. सोसायटी कशाला आहे मग 💪

सायली सी-२०१: शिर्के काका, मन मोठं आहे तुमचं, पण उसने चालत नाहीत. भेट म्हणून द्यावे लागतात, परत घेणार नाही असं लेखी.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

शिर्के ए-१०२: 😅

सेक्रेटरी: लाख लाख देणाऱ्यांपैकी चौघांचा मेंटेनन्स मार्चपासून थकलाय. नावं घेत नाही.

जोशी सी-३०३: व्हॅल्युएशनची फी मी कमी करून घेतली होती. फुकट जायला नको. जोडून तर बघा.

देशपांडे बी-४०४: जोशी, तुमचा आदर आहे. पण आता पुरे.

देशपांडे बी-४०४: सायली, माझी एफडी आहे. माझ्या आणि हिच्या नावाने. ती दाखवली तर?

सायली सी-२०१: नाही काका. पैसे मुग्धाच्या किंवा मिहिरच्या नावावर हवेत, आणि तसे सहा महिने राहिलेले हवेत. एफडी मोडा, मुग्धाच्या एकटीच्या खात्यात टाका, हवी तर तिच्या नावाने नवी एफडी करा, फक्त कधीही मोडता येणारी. तुमचं नाव जॉइंटला ठेवू नका. तुमचं भेटपत्र आणि तुमच्या एफडीची जुनी कागदं जपून ठेवा, पैसा कुठून आला ते विचारतात. इंग्लंडला पाठवायची गरजच नाही, खातं भारतातलं चालतं.

पाटील काकू बी-१०१: मुलीला दिलेल्या पैशावर टॅक्स लागेल हं.

कामत डी-१०४: वडिलांनी मुलीला दिले तर तिला लागत नाही. हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

सायली सी-२०१: आणि तिच्या स्वतःच्या एसआयपी आहेत ना? बोलली होती मागे.

देशपांडे वहिनी: आहेत की. नोकरी लागल्यापासूनच्या. अकराएक लाख झाले असतील. पण त्या कशा मोडायच्या, शेअरबाजाराचं काय...

सायली सी-२०१: काकू, ते आधीपासून तिचेच आहेत ना! मोडून खात्यात आले की त्यांना नव्याने सहा महिने लागत नाहीत, फक्त फंडाचे जुने स्टेटमेंट लावायचे. म्हणजे काकांनी पंधराएक लाखच द्यायचे. थांबायचंय ते तेवढ्यासाठी. थोडे जास्तच टाका, भाव हलतो.

देशपांडे वहिनी: माझं सोनं नको ना मोडायला?

सायली सी-२०१: अजिबात नको. तसंही सोनं, पीएफ यात धरत नाहीत.

कामत डी-१०४: त्यापेक्षा जावयाने पगारवाढ मागावी. मर्दाने.

सायली सी-२०१: मागितली तरी वाढीव पगाराच्या सहा महिन्यांच्या पे-स्लिपा लागतात. सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरतात. त्यामुळे इकडून जा नाहीतर तिकडून, दिवाळी जाणारच.

देशपांडे बी-४०४: एजंटाने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पैसे मात्र आगाऊ घेतले.

शिर्के ए-१०२: कोण एजंट? नाव टाका इथे.

सेक्रेटरी: नाव टाकू नये.

सायली सी-२०१: काका, अजून एक. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला १,०३५, तीन वर्षांचे एकदम ३,१०५ पौंड भरावे लागतात, फी वेगळी. ते या २२,५०० मध्ये धरू नका. आणि शेवटचं बँक स्टेटमेंट अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतलंच हवं.

देशपांडे बी-४०४: सोमवारी बँकेत जातो. मुग्धा आणि मी.

पाटील काकू बी-१०१: सोमवारी जाताय तर माझं पासबुक पण भरून आणा ना. रांग असते हो फार.

जोशी सी-३०३: व्हॅल्युअरचा रिपोर्ट आलाय. पीडीएफ टाकू का ग्रुपवर?

देशपांडे वहिनी: नको!!