मदत हवी आहे : पक्षाघातानंतर गिळायला त्रास, साताऱ्याजवळ स्पीच थेरपिस्ट?

नमस्कार मंडळी. बाबांना दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. नाकातून अन्न द्यायची नळी आता काढली आहे, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका लागतो आणि नंतर आवाज घरघरतो. पुण्यातल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी बेरियम गिळायला लावून एक्स-रेवर तपासणी करवली. पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतोय. म्हणून पाणी, चहा सगळं थिकनर घालून दाट करायचं, ताठ बसवून, हनुवटी खाली घ्यायला लावून छोट्या चमच्याने भरवायचं. मऊ खिचडी जमते. आमटी-भात मात्र बंद, कारण एकाच घासात पातळही आणि शितंही. बाबांना नेमका तोच हवा असतो! दाट चहा पाहिला की तोंड फिरवतात.

बोलण्याचं म्हणाल तर 'पाणी' म्हणता येत नाही, पण गणपतीची आरती सुरू केली की कडवंच्या कडवं म्हणतात. अफेजियात (मेंदूला इजा होऊन भाषा जाते, त्यात) असं होतं म्हणे, चालीतलं पाठांतर शाबूत राहतं.

दर आठवड्याला पुण्याला नेणं झेपत नाही. सातारा-कराडकडे घरी येणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले कुणी माहीत आहेत का? अफेजियासाठी ऑनलाइन सत्रं घेतलीत का कुणी, उपयोग झाला? थिकनर चहात गुठळ्या न होता कसं मिसळता? मोठ्यांसाठी मराठी चित्रकार्डं कुठे मिळतील? लहान मुलांची दाखवली तर चिडतात.

'थोडं साधं पाणी पाजून बघा' हा सल्ला कृपया नको, न्यूमोनिया एकदा होऊन गेलाय.