आरएक्स १०० चढाला दम का सोडतीय?

सातारकर_११: जुनी यामाहा आरएक्स १०० बाईक घेतलीय, ९६ चं मॉडेल. सपाटीला लय भारी पळती पण यवतेश्वरचा घाट चढताना मधल्या आरपीएमला एकदम दम सोडती आणि मग अचानक उचलती. प्लग नवा टाकलाय. आधीच्या मालकानं आवाजासाठी सायलेन्सर आतली जाळी काढून मोकळा केलाय, त्यानं होत असंल का?

सांगली_टूस्ट्रोक: त्यानंच होतंय भावा. टू स्ट्रोक इंजिनला सायलेन्सर म्हंजे नुसती आवाजाची नळी नाय, धूर बाहेर जायच्या पोर्टमधनं निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिक्स्चर त्याच्या आकारामुळं परत सिलिंडरकडं ढकललं जातं. जाळी काढली की ते गणितच बिघडतं, वर मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन जाम व्हायची भीती वेगळीच. आधी जाळी बसव, मग कार्बोरेटर बघ. आवाजाचा शौक महागात पडतो रे 😄

मिरजवाला: वरच्याशी सहमत. आणि इंजिनला आपोआप ऑइल सोडणारा ऑइल पंप चालू हाय का ते पण बघ. लय जणांनी तो काढून टाकलेला असतो, मग दर लिटर पेट्रोलला २५ मिली टू-टी (टू स्ट्रोकचं ऑइल) स्वतः मिसळावं लागतं. आणि घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून येऊ नको, ऑइल कमी पडतं, मधनं मधनं जरा रेस द्यायची.

सातारकर_११: पंप हाय. जाळी उद्याच बघतो.