परिकल्पना चाचणीचा सराव कसा करावा? सल्ला हवा आहे

रिकामी वही
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून सांख्यिकीचा पहिला अभ्यासक्रम करते आहे. सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता, प्रसामान्य वितरण इथपर्यंत नीट समजलं. परिकल्पना चाचणीपाशी मात्र अडकले आहे.

धड्याचं नाव "टी-चाचणी" असलं की त्याखालची गणितं पटापट सुटतात. पण सगळे धडे मिसळलेली प्रश्नपत्रिका समोर आली की कोणती चाचणी लावायची तेच कळत नाही. कशीबशी निवडली, आकडा काढला, तक्त्याशी ताडला आणि "शून्य परिकल्पना नाकारली" असं लिहिलं, तरी त्या वाक्याचा अर्थ कुणी विचारला तर मला सांगता येणार नाही. हे मला फार खुपतं.

परीक्षेला दीड महिना आहे आणि रोज तासभर देऊ शकते. गणितं कुठून घेऊ, कोणत्या क्रमाने सोडवू? आणि सॉफ्टवेअर आत्ताच शिकावं का?

आकडेमोड
गणितं हवी असतील तर ओपनस्टॅक्सचं सांख्यिकीचं प्रास्ताविक पुस्तक मोफत उतरवून घेता येतं, त्यात प्रश्नांचा साठा मोठा आहे. खान अकॅडमीवर एकेक मुद्दा सुटा करून सराव करता येतो आणि चूक झाली की लगेच कळते. रोज दहा गणितं सोडवा, हात आपोआप बसेल.

जुना फळा
वरचा सल्ला चांगला आहे, पण वहीताई, तुमची अडचण गणितं कमी पडल्याची वाटत नाही. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. धड्याखालची गणितं सोडवताना अर्धं उत्तर धड्याच्या नावानेच दिलेलं असतं. चाचणी निवडायचा सराव तुम्हाला कधी झालेलाच नाही. तोच करायला हवा.

म्हणून पहिले दहा दिवस हिशेब पूर्ण बंद ठेवा. निरनिराळ्या धड्यांतले चाळीस-पन्नास प्रश्न एकेका चिठ्ठीवर उतरवा, धड्याचं नाव लिहू नका आणि चिठ्ठ्या पिसा. रोज आठ-दहा काढायच्या आणि प्रत्येकीवर एवढंच लिहायचं: समष्टीच्या (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या समूहाच्या) कोणत्या आकड्याबद्दल विचारलंय (मध्य, प्रमाण, दोन मध्यांतला फरक, की दोन गुणधर्मांतला संबंध), दोन्ही परिकल्पना (शून्य, म्हणजे "फरक नाही" ही, आणि तिच्याविरुद्धची) साध्या मराठीत, मोजमापं जोडीची आहेत की सुटी, चाचणी एकबाजू की दोनबाजू (फरक एकाच दिशेने शोधायचा की दोन्ही) आणि ती का. शेवटचं "का" टाळू नका. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका उदाहरणावर दाखवतो. पाकिटावर 500 ग्रॅम लिहिलंय. 25 पाकिटं वजन केली, सरासरी 496 आली, नमुन्याचं प्रमाण विचलन 10. प्रमाण त्रुटी 10 भागिले 5 (25 चं वर्गमूळ), म्हणजे 2. तेव्हा चाचणी-आकडा उणे 4 भागिले 2, म्हणजे उणे 2. इथवर सगळ्यांचं एकच उत्तर येतं. आता पुढे बघा.

एक विद्यार्थी प्रमाण विचलन नमुन्यातलं आहे हे विसरतो आणि झेडचा तक्ता उघडतो. सीमा 1.96, म्हणून नाकारतो. दुसरी 24 स्वातंत्र्यांशाचा (25 उणे 1) टी-तक्ता बघते, दोनबाजू सीमा 2.064, म्हणून नाकारता येत नाही. तिसरा म्हणतो, मला फक्त वजन कमी भरतंय का तेवढंच बघायचंय. एकबाजू सीमा 1.711, म्हणून नाकारतो. तिघांची विदा (आकडेवारी) तीच, भागाकारही तोच. पहिला चुकला. दुसरी आणि तिसरा दोघंही बरोबर असू शकतात, पण आपला प्रश्न त्यांनी पाकिटं तराजूवर ठेवण्याआधी ठरवलेला असेल तरच. उणे 2 बघून मग "एकबाजूच घेऊ या" म्हणणं ही फसवणूक आहे, स्वतःचीसुद्धा. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ याच मुद्द्यावर घालवत असे.

शिंपले
जुना फळा यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक भर. चिठ्ठ्यांच्या जोडीने पी-मूल्य (नुसत्या योगायोगाने इतका टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) एकदा स्वतःच्या हाताने घडवून बघा. त्याशिवाय "शून्य परिकल्पना खरी धरली तर" हे शब्द नुसते पाठच होतात. मला तरी असंच कळलं.

आठ चिठ्ठ्या घ्या, चारांवर "आधी", चारांवर "नंतर" लिहा. हा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1935 मध्ये मांडलेला प्रसिद्ध चहाचा प्रयोग आहे. कपात दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एका बाईंचं म्हणणं होतं. आठ कप, दोन्ही प्रकारचे चार-चार, आणि ही चार-चारची वाटणी त्यांना आधीच सांगितलेली. नुसत्या अंदाजाने चार कप निवडायचे तर निवडीचे 70 प्रकार होतात आणि त्यातला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे सगळे ओळखले तर पी-मूल्य 1 भागिले 70, साधारण 0.014. चारांतले तीनच बरोबर आले तर? तशा निवडी 16, त्यात पूर्ण बरोबरची एक मिळवा, 17 भागिले 70, म्हणजे 0.24. फक्त एका कपाची अदलाबदल झाली आणि पुरावा जवळजवळ नाहीसा झाला!

चिठ्ठ्या पालथ्या घालून न बघता चार उचला, किती बरोबर ते टिपा, पुन्हा पिसा. पन्नास वेळा केलंत की आपण शून्य परिकल्पनेच्या जगात उभे आहोत आणि तिथे काय काय घडतं ते मोजतो आहोत, हे लक्षात येईल. पी-मूल्य म्हणजे हीच मोजणी. यात सूत्र कुठेच लागत नाही.

नाण्यानेही करा. 20 वेळा उडवून 14 छाप आले तर दोनबाजू पी-मूल्य 0.115, 15 आले तर 0.041. 0.05 ची रेघ या दोन्हींच्या मधून जाते. ही रेघ फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती, तिच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी जगं नाहीत.

दीपमाळ
सॉफ्टवेअरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शिका, पण तिसऱ्या आठवड्यापासून. जामोव्ही किंवा जास्प घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. थोडी चिकाटी असेल तर सरळ आर (आज्ञा लिहून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) घ्या. त्यात सरावाला विदा आधीच भरलेली असते.

त्यातली "स्लीप" नावाची विदा नक्की बघा. 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने टी-चाचणीचा पाया घालणारा निबंध छापून आला, त्यातलीच ही विदा. लेखक विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत नोकरीला होते. नमुने लहान असायचे, म्हणून त्यांना ही चाचणी लागली. दहा माणसं, झोपेची दोन औषधं, प्रत्येकाला किती तास जास्त झोप लागली याच्या नोंदी. पहिल्या औषधाची सरासरी 0.75 तास, दुसऱ्याची 2.33.

या वीस आकड्यांवर दोन चाचण्या करा. दोन सुटे गट समजून केली तर टी साधारण 1.86 आणि पी 0.079, फरक सिद्ध होत नाही. आता जोडीची करा: टी 4.06, पी 0.0028! माणसं तीच दहा आहेत, त्यामुळे जोडीचीच योग्य. कारण समजून घ्या. कुणाला मुळातच औषध लागू पडतं, कुणाला नाही. माणसामाणसांतला हा मोठा फरक सुट्या चाचणीत दोन औषधांतल्या फरकाला झाकून टाकतो. वजाबाकी केली की तो निघून जातो.

मग कागदावर दहा वजाबाक्या मांडा: 1.2, 2.4, 1.3, 1.3, 0, 1.0, 1.8, 0.8, 4.6, 1.4. एकही उणे नाही. शून्य बाजूला ठेवलं तर नऊच्या नऊ दुसऱ्या औषधाच्या बाजूने. नाणं नऊ वेळा उडवून सगळे एकाच बाजूचे पडण्याची संभाव्यता 2 भागिले 512, म्हणजे 0.004. याला चिन्ह चाचणी म्हणतात. तो 4.6 जरा वेगळाच दिसतो ना? कुठलीही चाचणी करण्याआधी विदा अशी डोळ्यांखालून घालायची सवय लावा.

रिकामी वही
सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस चिठ्ठ्या केल्या. पहिल्या दिवशी दहातले चार बरोबर आले होते, काल आठ. चहाचा खेळ पन्नास वेळा खेळले, चारही बरोबर एकदाच आले.

आता निष्कर्षाचं वाक्य तपासून द्याल का? पाकिटांच्या गणितात दोनबाजू पी-मूल्य 0.057 आलं. मी लिहिलं: "शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता 5.7 टक्के आहे. ते 5 टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली. पाकिटांचं सरासरी वजन 500 ग्रॅमच आहे."

जुना फळा
आठ बरोबर म्हणजे उत्तम प्रगती. वाक्यं मात्र तिन्ही दुरुस्त करावी लागतील. मनाला लावून घेऊ नका, या चुका सगळ्यांच्याच होतात.

पहिलं. 0.057 ही शून्य परिकल्पनेची शक्यता नव्हे. ती खरी आहे असं धरूनच तर हा आकडा काढला. सरासरी खरंच 500 असेल, तर उणे 2 इतका किंवा त्याहून टोकाचा आकडा नमुन्यात येण्याची ही संभाव्यता. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये पी-मूल्यांवर निवेदन काढलं, त्यातही हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे.

दुसरं, "स्वीकारली" हा शब्द वहीतून काढून टाका. "नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही" असं लिहा.

तिसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं. त्याची तपासणी 95 टक्के विश्वास-अंतरालाने (खरी सरासरी ज्यात असावी अशा अंदाजी पट्ट्याने) करा: 496 अधिक-उणे 2.064 गुणिले 2, म्हणजे 491.9 ते 500.1. 500 या पट्ट्यात जेमतेम बसतं. पण 493 आणि 495 त्यात आरामात बसतात. मग 500"च" कसं म्हणणार? तुमचं वाक्य असं हवं: "25 पाकिटांच्या या नमुन्यावरून सरासरी वजन 500 ग्रॅमहून वेगळं असल्याचा पुरेसा पुरावा 5 टक्के सार्थकता पातळीवर मिळाला नाही. सरासरी 491.9 ते 500.1 ग्रॅमच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे." हिशेब नसला तरी वाक्य पूर्ण लिहायचं, रोज एक.

शिंपले
याला जोडून दुसऱ्या प्रकारची चूकही (खरा फरक असून तो न पकडणं) बघून घ्या. खरी सरासरी 496 आणि प्रमाण विचलन 10 असेल, तर 25 पाकिटांची दोनबाजू चाचणी ही तूट साधारण निम्म्या वेळाच पकडते. 100 पाकिटं घेतली तर जवळपास दर वेळी. "पुरावा मिळाला नाही" याचा अर्थ पुष्कळदा "पाकिटं कमी तपासली" एवढाच असतो.

पहिल्या प्रकारची चूक (नसलेला फरक आहे असं म्हणणं) संगणकावर दिसते. सरासरी 500 असलेल्या समष्टीतून हजार नमुने काढा, प्रत्येकावर चाचणी करा. पन्नासच्या आसपास चाचण्या विनाकारण नाकारतील. वीस स्वतंत्र चाचण्यांत किमान एक तरी अशी निघण्याची संभाव्यता 64 टक्के. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा मला खरंच धक्का बसला होता.

रिकामी वही
परीक्षा पुढच्या सोमवारी. चिठ्ठ्यांत आता एकच गोंधळ उरलाय. दोन गटांतली प्रमाणं ताडायची असली की मी कधी दोन प्रमाणांची झेड-चाचणी लिहिते, कधी काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्या ताडणारी चाचणी). उत्तरसूचीत कधी हे, कधी ते. बरोबर कोणतं?

दीपमाळ
दोन गट आणि हो-नाही असं उत्तर असेल तर दोन्ही बरोबर, दोनबाजू प्रश्नासाठी ती एकच चाचणी आहे. ताडून बघा: एका गटात 100 पैकी 60 हो, दुसऱ्यात 100 पैकी 45. एकत्रित प्रमाण 0.525 धरून झेड 2.124 येतो. तक्ता मांडून काय-वर्ग काढला तर 4.511, म्हणजे त्याच झेडचा वर्ग. सीमाही तशाच: 1.96 चा वर्ग 3.84. प्रश्न एकबाजू असेल तर झेड घ्या, कारण वर्ग केला की दिशा हरवते. गट किंवा उत्तराचे प्रकार दोनाहून जास्त असतील तर काय-वर्ग. आणि आरमध्ये करणार असाल तर ते दोन बाय दोन तक्त्याला न सांगता येट्सची दुरुस्ती (काय-वर्गाचा आकडा थोडा कमी करणारी) लावतं, ती बंद केल्याशिवाय हातचं उत्तर जुळणार नाही.

रिकामी वही
दुरुस्ती बंद केली, 4.511 आलं. या प्रकारच्या सहा चिठ्ठ्या वेगळ्या काढल्यात, आज रात्री दोन्ही पद्धतींनी सोडवते.