सॅडल हंटिंग: झाडावरून रॅपल करायला कुठलं डिव्हाइस घेऊ? सल्ला द्या

ग्रँडरॅपिड्सकर:
नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये असतो. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, लायसन्स आहे, एक ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा सीझन सुरू होतोय. मोठा ट्रीस्टँड रानात वाहून नेणं जमत नाही म्हणून सॅडल घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सॅडल म्हणजे कमरेला नि मांड्यांना बसणारा पट्ट्यांचा झोळ, त्याच्या पुढच्या दोरीला ब्रिज म्हणतात, ती टेदरने, म्हणजे खोडाभोवती बांधलेल्या दोरीने, खोडाला अडकवायची आणि पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकून बसायचं. चढायला क्लायंबिंग स्टिक्स (खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या) आहेत, चढणं मजेत होतं. प्रश्न उतरण्याचा आहे. अंधार पडलेला असतो, बोटं गारठलेली असतात, आणि पायाने खालची स्टिक चाचपत उतरायचं म्हणजे दर वेळी टेन्शन येतं. म्हणून शेवटचं उतरणं रॅपल करून, म्हणजे डिव्हाइसमधून दोरी सोडत, करावं असं चाललंय. उंची वीस फुटाच्या आसपास, सामानासकट वजन साधारण शंभर किलो, दोरी ८ मिमी स्टॅटिक (फारशी न ताणणारी) घ्यायच्या विचारात आहे कारण हलकी आहे. फिगर ऑफ एट (आठच्या आकाराचा धातूचा तुकडा), ग्रिग्री नि मॅडरॉक सेफगार्ड (आतल्या कॅमने, म्हणजे फिरत्या तुकड्याने, दोरी चिमटणारी), नुसत्या कॅरॅबिनरवर (उघडमीट होणाऱ्या कडीवर) मुंटर हिच ही गाठ, एवढी नावं ऐकली. घरी दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे पैशाकडे बघून नाही, सेफ्टीकडे बघूनच घ्यायचंय. जाणकारांनी सांगा.

कातळवाट_पुणे:
शिकारीतलं मला काही कळत नाही पण दोरीचं सांगू शकतो. आपल्याकडे नागफणीपासून भिवपुरीच्या धबधब्यापर्यंत सगळीकडे फिगर ऑफ एट चालतं, आणि चालतं याचं कारण खाली बिले देणारा, म्हणजे दोरी धरून सांभाळणारा, माणूस उभा असतो किंवा वरून वेगळी सेफ्टी दोरी असते, हे लोक विसरतात. तू रानात एकटा असणार. फिगर ऑफ एटवर हात सुटला की माणूस सरळ खाली, मधे काही नाही. त्यात ८ मिमी दोरी म्हणजे घर्षण आणखी कमी, शंभर किलोला ती सुसाट पळेल. मुंटरचंही तेच, शिवाय दोरीला पीळ पडतो. मुंटर शिकून मात्र ठेव, डिव्हाइस हातातून खाली पडलं तर एका मोठ्या एचएमएस (नासपतीच्या आकाराच्या) कॅरॅबिनरवर उतरता येतं.

एट वापरायचंच असेल तर खाली ऑटोब्लॉक, म्हणजे दोरीवर कॉर्ड गुंडाळून केलेली, वजन पडलं की आपोआप धरणारी गाठ, हवीच. सॅडलमध्ये ते छान बसतं कारण डिव्हाइस ब्रिजवर असतं, म्हणजे अंगापासून लांब, आणि ऑटोब्लॉक कमरेच्या बाजूच्या लाइनमन लूपला लावता येतो. फक्त लोड देऊन बघ की गाठ वर सरकून डिव्हाइसला टेकत नाहीये, टेकली तर ती धरणारच नाही. आणि कॉर्ड दोरीपेक्षा दोन-तीन मिमी बारीक हवी. नुसती डायनीमाची कॉर्ड नको, ती निसरडी असते आणि घर्षणाने लवकर वितळते.

ओहायोची_ताई:
मी आणि नवरा दोघंही सॅडलमधून शिकार करतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोरी ठरव, मग डिव्हाइस. लोक उलट करतात. आत्ताची ग्रिग्री ८.५ ते ११ मिमीसाठी आहे, २०११ची ग्रिग्री २ होती ती ८.९ ते ११. म्हणजे तुझी ८ मिमी दोरी दोन्हीत बसत नाही. बसत नाही म्हणजे आत जाईल, हाताने ओढलीस तर अडकल्यासारखी वाटेलही, पण शंभर किलो लटकल्यावर कॅम तिला नीट चिमटेल याची खात्री कंपनीच देत नाहीये तर आपण कोण देणार. सेफगार्ड सॅडलवाल्यांमध्ये खूप चालतं, लहान आहे, सगळं धातूचं आहे, पण त्याचीही रेंज त्याच्या अंगावर कोरलेली असते ती वाचूनच दोरी घे. माझं मत विचारशील तर ९ मिमी किंवा थोडी जाड स्टॅटिक आणि कॅमवालं डिव्हाइस. वीस फुटाच्या झाडाला दोरीच्या वजनात फार फरक पडत नाही भाऊ, त्यासाठी ८ मिमीच्या मागे लागू नकोस.

एट आणि ग्रिग्री यातला खरा फरक म्हणजे हात सुटल्यावर काय होतं. थंडीत हाताला गोळा येतो, कधी फांदी डोक्याला लागते, चक्कर येते. त्या क्षणी स्वतःहून थांबणारी वस्तू हवी. तरीही याला असिस्टेड ब्रेकिंग म्हणतात, ऑटोमॅटिक नाही, खालच्या दोरीवरचा हात सोडायचा नाही. मधे थांबून काही काढायचं असेल तर खालच्या दोरीला जाड गाठ मार, मग हात मोकळे कर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ग्रिग्रीत दोरी उलटी भरता येते. बाहेरून बघितलं तर सगळं व्यवस्थित दिसतं, प्लेट बंद होते, कॅरॅबिनर लॉक होतो, आणि लोड दिला की दोरी सरसर निघून जाते. आतल्या बाजूला माणसाचं आणि हाताचं चित्र असतं, माणसाच्या चित्राकडची दोरी झाडाकडे जाते, हाताकडची खाली. अंधारात हेडलॅम्प लावून ते चित्र बघायचं. मग टेदर लावलेलाच ठेवून थोडं वर उचलून घ्यायचं, सगळं वजन रॅपलच्या दोरीवर टाकायचं, वरची दोरी जोरात झटकायची, धरतंय का बघायचं. धरलं तरच टेदर काढायचा. आमच्याकडे हा नियम कधीच मोडला जात नाही, कितीही थंडी असो.

विदर्भ_ते_विस्कॉन्सिन:
ताईंशी सहमत. मी झाडाबद्दल आणि अँकरबद्दल, म्हणजे दोरी झाडाला कशी अडकवायची याबद्दल, लिहितो, कारण डिव्हाइस कितीही भारी घेतलं तरी ते शेवटी झाडालाच लटकतंय.

तुमच्या मिशिगनमध्ये २००२ साली डेट्रॉइटजवळ एमराल्ड अॅश बोरर हा अॅशची झाडं पोखरणारा किडा सापडला, तेव्हापासून अॅशची झाडं मरतायत. वाळलेलं अॅश उभं दिसतं पण आतून ठिसूळ होतं. त्यावर चढायचंच नाही, रॅपल तर लांबच. जिवंत ओक किंवा मेपल बघ. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटते, स्टिक सरकते, शिवाय आवाज.

दोरी काढून घ्यायची पद्धत अशी: दोरीच्या टोकाला पक्की लूप, तिच्यात स्टीलची स्क्रू लिंक (स्क्रूने बंद होणारी कडी), दोरी खोडाभोवती फिरवून त्या लिंकमधून घ्यायची की फास बसतो. लिंकला बारीक पुल कॉर्ड बांधून जमिनीपर्यंत सोडायची. खाली आलास की कॉर्ड ओढायची, फास सुटून दोरी खाली येते. यात लोक एका ठिकाणी फसतात. वेगळी कॉर्ड न घेता लांब दोरीचंच उरलेलं टोक ओढायला वापरतात, आणि अंधारात डिव्हाइस त्या ओढायच्या बाजूला लागतं. त्या बाजूला वजन टाकलं की फास सैल होतो आणि दोरी माणसासकट खाली यायला लागते. म्हणून पुल कॉर्ड बारीकच घे आणि भडक रंगाची घे, हाताला लागली तरी कळली पाहिजे की ही ती दोरी नाही.

खाली टोकाला गाठ हवी, दोरी जमिनीला टेकतेय असं वाटलं तरी हवी. ओढायच्या आधी ती गाठ सोडायची, नाहीतर ती वर जाऊन लिंकमध्ये अडकते आणि दोरी झाडावरच राहते.

सह्यमित्र_ठाणे:
वाचून छान माहिती मिळाली. भारतात कुठे असं करता येतं का?

विदर्भ_ते_विस्कॉन्सिन:
शिकार अजिबात नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. खाजगी जागेत, मालकाला विचारून, पक्ष्यांच्या फोटोसाठी झाडावर बसायचं असेल तर हीच सगळी पद्धत चालेल.

ग्रँडरॅपिड्सकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ८ मिमीचा विचार सोडला, ९ मिमी स्टॅटिक आणि ग्रिग्री घेतोय. ताई, दोन शंका. ग्रिग्री असताना खाली ऑटोब्लॉक पण लावू का? आणि नोव्हेंबरात दोरी ओली होऊन गोठली तर?

ओहायोची_ताई:
सुरुवातीला लाव, सवय होईपर्यंत. फक्त एक लक्षात ठेव, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने दोरी-गाठ दोन्ही सांभाळायचं असतं, ते आधी जमिनीवर पाठ झालं पाहिजे. हँडल घाबरून पूर्ण ओढलं जातं हा नवख्यांचा मोठा धोका, तिथे ऑटोब्लॉक वाचवतो.

गोठलेल्या दोरीवर कॅम घसरू शकतो, त्यामुळे दोरी वर बसलेलं असताना पिशवीतच ठेव, उतरायच्या वेळी काढ. बर्फाचा थर दिसला तर त्या दिवशी स्टिक्सवरूनच उतर, लाइनमन बेल्ट (कमरेपासून खोडाभोवती जाणारी दोरी) लावून आणि टेदर बरोबर खाली घेत. धनुष्य आधी वेगळ्या दोरीने खाली सोड, पाठीवर घेऊन रॅपल करायचं नाही. जॅकेटची नाडी, मफलर, लांब केस आत खेचले जातात, सगळं खोचून घे. चामड्याचे पातळ हातमोजे घे, लोकरीचे नकोत, दोरीवर पकड येत नाही.

कातळवाट_पुणे:
आणि सीझनच्या आधी दिवसाउजेडी अंगणातल्या झाडावर, पाय जमिनीपासून फूटभर वर राहतील एवढ्याच उंचीवर सराव कर. मुद्दाम हात सोडून बघ, कॅम धरतोय का. दोरी मुद्दाम उलटी भरून एक झटका दे, म्हणजे उलटी भरलेली कशी वाटते ते हाताला कळेल. मग मधेच लटकून राहून परत टेदरवर कसं जायचं ते कर, कारण अडकलास तर नुसतं लटकत राहणं धोक्याचं असतं, मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. दोरीच्या एका तुकड्याला पाय टाकायला लूप करून, ती रॅपलच्या दोरीला लावून उभं राहायची सोय जवळ ठेव.

ग्रँडरॅपिड्सकर:
शनिवारी मित्राला बरोबर घेऊन करतो, मागच्या अंगणात जिवंत मेपल आहे. अंगावरची कोरलेली रेंज नि दोरी दोन्हीचे फोटो इथे टाकतो, चढायच्या आधी कोणीतरी डोळ्याखालून घाला.

ओहायोची_ताई:
टाक. प्लेट उघडी ठेवून, दोरी भरलेली असतानाचा फोटो पण टाक.