सेफ्टी शूजचा लॉट परत मागवलाय, खोकी तर कधीच भंगारात गेली

स्टोअर_शिरोली
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं स्टोअर माझ्याकडे आहे. परवा सप्लायरची मेल आली. अमुक लॉटच्या सेफ्टी शूजची टो कॅप (बोटांवरची कडक टोपी) दाबाच्या चाचणीत पास झाली नाही, जोड वापरातून काढा, परत पाठवा, बदली देतो. झालं, एवढंच.

आता अडचण बघा. लॉट नंबर छापलाय खोक्यावर. आमच्याकडं खोकं इश्यूच्या दिवशीच भंगारात जातं, नाहीतर कुणीतरी त्यात जेवणाचा डबा ठेवतं. रजिस्टरला नाव, बुटाचा नंबर आणि सही, बाकी काही नाही. त्यात याच मॉडेलचा दुसरा लॉटही मधे आलाय. सगळे काळे, सगळ्यांवर वाळू. ओळखायचं कशावरून?

निम्मे जोड कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांच्या पायात. त्यातली काही पोरं काम सोडून गावी गेली, बुटांसकट.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "पुढं लोखंड आहे न्हवं? मग नवे येईस्तोवर चालू दे की." आता नॉकआउटला (साचा फोडून ओतीव माल काढतात तिथं) मोल्ड बॉक्स, म्हणजे साच्याच्या जड पेट्या, ओढणाऱ्या पोराला मी काय सांगू, बूट घाल पण त्याच्यावर विसंबू नकोस?

दोनच गोष्टी विचारायच्यात: जोड वेगळे कसे काढायचे, आणि तोवर माणसांना काय द्यायचं?

निवृत्त_सेफ्टीवाला
वाळूजला हेच काम करून निवृत्त झालोय. खोक्याचा नाद सोडा. बुटाची जीभ उलटा किंवा आतला शिक्का बघा. बनवणाऱ्याचं चिन्ह, साइज, आयएस १५२९८ (सेफ्टी बुटांचं भारतीय मानक) चा भाग आणि बनवल्याची तारीख तिथं असायला हवी. सप्लायरकडून लेखी घ्या की तो लॉट कोणत्या महिन्यांत बनला. त्या महिन्यातला प्रत्येक जोड बाहेर. शिक्का घासून गेला असेल तर तोही बाहेर, वाद घालत बसू नका.

आता तुमच्या मालकांचं लोखंड. भाग २ च्या, म्हणजे सगळ्यात भक्कम कॅपवाल्या बुटाच्या टो कॅपनं २०० ज्यूलचा मार सोसायचा असतो, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडलं तर. आणि १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे दीड टन. पण मोजतात काय? कॅप तुटली का एवढंच नाही, खाली बोटांना जागा किती उरली ते. युरोपियन ४१-४२ नंबरच्या बुटात निदान १४ मिलिमीटर उरावे लागतात. कॅप अख्खी राहून नुसती खाली बसली तरी बोटं चेपतातच. मालकांना हे १४ मिलिमीटर पट्टीवर दाखवा, लोखंडाची चर्चा थांबेल.

तोवर काय द्यायचं म्हणाल तर बुटावरून पट्ट्यानं बांधायचे टो गार्ड मिळतात, पाहुण्यांना देतात ते. नॉकआउट आणि फेटलिंगवाल्यांना (ओतीव माल घासून साफ करणाऱ्यांना) आधी द्या. आणि तेवढे दिवस मोल्ड बॉक्स हॉइस्टनंच उचला, हातानं बंद. उत्पादन कमी होईल, होऊ दे.

फेटलर_बाबू
मी ठेक्यावरचा माणूस, दुसऱ्या फाउंड्रीत. साहेब, एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही "जमा करा" म्हणून बोर्ड लावाल, आणि निम्मी माणसं बूट आणणारच नाहीत. कारण आमच्या पगारातून बुटाचे पैसे कापलेत. ज्याचे पैसे मी भरले तो बूट माझा. जुना जमा केला आणि नवा महिनाभर आला नाही तर मी काय चपलेवर ग्राइंडर धरू?

आणि गावी गेलेल्यांचं म्हणाल तर ते बूट आता शेतात आहेत. माझाच मागचा जोड थोरला भाऊ उसाला पाणी पाजायला घालतो.

जुना घेताना नवा त्याच हातात द्या. मग बघा, सांगायच्या आधी रांग लागंल.

कलमबहाद्दर
बाबूदादांचे पैसे कापले ते मुळातच बेकायदा आहे. कायद्यानं जे साहित्य कारखानदारानं द्यायचं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, हे फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम ११४ मध्ये होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षेच्या सोयींसाठी कामगाराला आकार लावायला बंदी आहे.

स्टोअरवाल्यांसाठी: बुटावर आयएसआय मार्क असेल तर खालचा सीएम/एल (परवाना) नंबर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, परवाना चालू आहे की नाही ते कळतं. बीआयएस कायदा, २०१६ प्रमाणे मानकात न बसणारा माल बाजारातून परत घ्यायला ब्यूरो परवानाधारकाला लावू शकतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही माल परत मागवायची तरतूद आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अ‍ॅमेझॉनला, त्यांच्या साइटवरून विकलेल्या २,२६५ प्रेशर कुकरांच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायला आणि पैसे द्यायला सांगितलं होतं. फक्त कारखान्यानं धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगापुढं "व्यावसायिक वापर" हा अडसर येतो. त्यामुळं तुमची ताकद म्हणजे तुमची पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि सप्लायरची ती मेल. जपून ठेवा.

निवृत्त_सेफ्टीवाला
बाबूचं ऐका, माझ्यापेक्षा शहाणं बोललाय.

बदली माल घेताना दोन सापळे. एक, आयएस १५२९८ आणि आयएसआय मार्क खरा असतो, पण भाग ४ असतो. त्याला टो कॅपच नसते. भाग ३ ला असते, पण १०० ज्यूलची. दुसरा, गोदामात पडून राहिलेला जुना माल. पीयू (पॉलियुरेथेन) सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. नवाकोरा दिसतो आणि घातला की भाकरीसारखा तुकडे पडायला लागतो. तारीख बघा, वाकवून बघा.

आणि फाउंड्री म्हणताय म्हणून, पोअरिंगवाल्यांना (वितळलेलं मेटल ओतणाऱ्यांना) तुम्ही हेच लेसवाले बूट देता का? मेटल उडून लेसपाशी आत गेलं तर बूट काढेपर्यंत पाय भाजतो. त्यांना झटकन निघणारा बूट द्या, वरून गेटर (नडगीवरचं आवरण), पँट बुटाच्या बाहेरून. सोल नायट्राइल रबरचा, ३०० अंशाला एक मिनिट टिकणारा, एचआरओ (उष्णता सोसणारा सोल) खुणेचा.

परत घेतलेले जोड सप्लायरच्या संमतीनं जीभ कापूनच पाठवा. नाहीतर तेच बूट जुन्या बाजारात दिसतील.

स्टोअर_शिरोली
सगळ्यांचे आभार. पट्टी घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेलो होतो. बोलले काही नाहीत, पण टो गार्डची पीओ सही होऊन आली. हॉइस्टवरून सुपरवायझर कुरकुरतोय, चालायचंच.

जुना द्या, नवा घ्या असंच करणार. सप्लायर आधी जुने मागतोय, मी म्हटलं आधी नवे उतरव. कॉन्ट्रॅक्टरनं पैसे कापल्याचं आमच्याकडंही निघालं. त्याला २०२० च्या संहितेतल्या त्या बंदीची झेरॉक्स दिलीय, अजून त्यानं तोंड उघडलेलं नाही. गावी गेलेल्यांना मुकादम फोन लावतोय. बाबू, तुझ्या भावाच्या बुटाची जीभ उलटून बघायला सांग बाबा.

एक राहिलंच. कोअर शॉपला (साच्यातले वाळूचे गाभे बनवतात तिथं) आमच्याकडं बायका आहेत. त्या मोठे बूट दोन-दोन मोजे घालून चालवतात. चार नंबरचा भाग २ चा जोड थोड्या संख्येत कोण देतं?