एनसीसीचं तिसरं वर्ष करू की सीडीएसचा क्लास लावू? (नागपूर)

हिंगण्याची कॅडेट

नमस्कार. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसी आर्मी विंग. बी सर्टिफिकेटची परीक्षा नुकतीच झाली. मला आर्मीत ऑफिसर व्हायचं आहे. हे घरी पहिल्यांदा बोलले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. "लग्न झाल्यावर कोण करू देईल?" एवढंच म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

राहायला वानाडोंगरीला. परेडच्या दिवशी बाबा लोकमान्य नगर स्टेशनपर्यंत गाडीवर सोडून देतात, तिथून पहिल्या मेट्रोनं बर्डी (सीताबर्डी), पुढे पायी. आदल्या रात्री बेरेट ओली करून स्टीलच्या डब्यावर चढवून ठेवते, नाहीतर ती डोक्यावर डोशासारखी पसरते आणि सीनियर सगळ्यांसमोर हसतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. परेड संपल्यावर मिळणारा समोसासुद्धा.

पण दहा दिवसांच्या कॅम्पला गेले आणि परत आले तर केमिस्ट्रीचे तीन प्रॅक्टिकल झालेले होते. सरांना विचारलं तर म्हणाले, "आर्मीवाल्यांना सांग करून घ्यायला." जर्नल अर्धवट पडलं आहे. पहिल्या वर्षाला ५४ टक्के होते, यंदा किती येतील देव जाणे.

आता मैत्रीण म्हणते की एनसीसी सोड, सीडीएसचा (ऑफिसर भरतीची लेखी परीक्षा) क्लास लाव. एका क्लासवाल्यानं ६० हजार सांगितले. बाबा एमआयडीसीत लेथवर आहेत, ते नाही म्हणणार नाहीत, पण कुठून आणतील ते मला माहीत आहे (आईच्या पाटल्या). शिवाय बाबांच्या कंपनीतल्या एका काकांनी सांगून ठेवलंय की ओटीए (ऑफिसरचं ट्रेनिंग होतं ती अकादमी) तर आपल्या कामठीलाच आहे, एनसीसी केली की पोरीचं ट्रेनिंग घरूनच होईल. तेव्हापासून बाबा खूश आहेत. हे खरं आहे का? आणि माझं इंग्रजी यथातथाच आहे, तेही सांगून ठेवते.

कामठीचा सुभेदार

जय हिंद पोरी. २६ वर्षं नोकरी करून घरी बसलो आहे, म्हणून सकाळी सकाळी उत्तर देऊन राहिलो.

आधी तुझ्या बाबांच्या त्या ओटीएचं ऐक. कामठीला ओटीए आहे, अगदी खरं. पण ती एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. तिथं तुमच्या कॉलेजातले मास्तर येतात, जे कॉलेजात एनसीसी चालवतात. तू जिला ओटीए म्हणतेस ती चेन्नईची, तिथून लेफ्टनंट बाहेर पडतात. नाव एकच, काम वेगळं. कंपनीतल्या काकांनी पाटी वाचली, पण आत गेले नाहीत. इकडे अर्ध्या गावाचा हा घोळ आहे.

दुसरं. एनसीसी केली म्हणजे आपोआप भरती, असं काही नसतं. तिसऱ्या वर्षाचं सी सर्टिफिकेट असलं तर अग्निवीर भरतीत बोनस मार्क मिळतात, पण ती जवानाची भरती. ऑफिसरची वाट वेगळी आणि ती एसएसबीतूनच, म्हणजे ऑफिसर निवडायच्या चाचण्या-मुलाखतीतूनच जाते. जनरलचा पोरगा असो की लेथवाल्याची पोरगी, पाच दिवस सगळे छातीवर नंबर लावूनच फिरतात.

बेरेटचा डबा बदल. पाण्यातून काढून डोक्यावरच वाळव, डोक्याचा आकार डब्याला येत नाही.

दोनदा परत आलेला

सुभेदार काकांनी कामठीचं सांगितलं ते बरं झालं, कारण माझा मुडदाही कामठीवरच पडला आहे. पुढे सांगतो.

ताई, मी पण नागपूरचाच, मानेवाडा. सी सर्टिफिकेट घेतलं, बी ग्रेड. एनसीसी स्पेशल एंट्रीतून दोनदा भोपाळला एसएसबी दिली, दोन्ही वेळा परत आलो. आता वर्ध्याला बँकेत आहे. म्हणजे मी 'कसं व्हायचं' सांगणारा माणूस नाही, 'कसं राहून जातं' ते सांगू शकतो.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर : एनसीसी सोडू नको. सी सर्टिफिकेटला बी किंवा त्यावरची ग्रेड असली तर स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षाच नाही. अर्ज छाननीतून निघाला की थेट एसएसबीचं बोलावणं. वय १९ ते २५. मुलींच्या जागा मात्र एक आकडी असतात, म्हणून त्या एकाच वाटेवर भरवसा ठेवू नको. सीडीएस पण भर. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते, मुलींना फी नाही, सेंटर नागपूरलाच आहे. आणि मैत्रिणीच्या क्लासवाल्यानं तुला हे सांगितलं का, की ओटीएसाठी दोनच पेपर असतात, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, शंभर-शंभर मार्कांचे? गणित नाही. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश मार्क कापतात, एवढंच सांभाळायचं. यासाठी ६० हजार? पाटल्या कपाटातच राहू दे.

पण तुझी पोस्ट वाचताना माझा जीव अडकला तो त्या तीन प्रॅक्टिकलवर. स्पेशल एंट्रीला पदवीत ५० टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज केला तर पहिल्या दोन वर्षांचे मिळून ५० धरतात. तू ५४ वर आहेस आणि जर्नल अर्धं आहे. माझ्या बॅचमधला एक पोरगा होता, काय ड्रिल, काय फायरिंग! पॉइंट टू टू रायफलनं एकाच जागी पाची गोळ्या. ४९ टक्क्यांवर अडकला. अर्जसुद्धा करता आला नाही त्याला. तेव्हा उद्याच तुमच्या एएनओंकडं (कॉलेजात एनसीसी चालवणारे मास्तर) जा, कॅम्पच्या तारखांचं पत्र प्राचार्यांच्या नावानं लिहून घे आणि विभागप्रमुखांकडं दे. त्या सरांच्या तोंडी लागू नको. कागद कागदाचं काम करतो. पुढच्या कॅम्पला जायच्या आधीच हे पत्र द्यायचं, आल्यावर नाही.

आता माझी फजिती. पहिल्या वेळी स्क्रीनिंगलाच, म्हणजे पहिल्या चाळणीतच बाद झालो. पडद्यावर धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून एकेकानं मिनिटभर सांगायची आणि नंतर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ठरत काहीच नाही, निव्वळ मच्छीबाजार होतो. चंदीगड-डेहराडूनची पोरं तोंडातून इंग्रजी अशी सोडत होती की मी तोंड उघडलं तेव्हा आवाज बसल्यासारखा निघाला. दुपारी नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. संध्याकाळच्या गाडीत बसलो. इटारसीला आईचा फोन आला, "जेवलास का?" मी हो म्हटलं. खरं तर सकाळपासून चहाच होता पोटात.

दुसऱ्या वेळी पाची दिवस काढले. साठ शब्द, एकेकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. चित्रं बघून बारा गोष्टी, त्यातली बारावी कोऱ्या स्लाइडवर. मैदानावरचे फळ्या-दोरीचे टास्क मला जमले, ते एनसीसीचंच देणं. मार खाल्ला मुलाखतीत. फॉर्ममध्ये छंद म्हणून रुबाबात 'ट्रेकिंग' लिहिलं होतं. साहेबांनी प्रेमानं विचारलं, कुठले कुठले ट्रेक केले? आठवून आठवून मी सांगितलं, रामटेक. साहेब म्हणाले, तिथं तर पायऱ्या आहेत ना? मी म्हटलं, हो सर.

मग म्हणाले, नागपूरचा आहेस, कामठीला कोणत्या रेजिमेंटचं सेंटर आहे? ताई, माझी मावशी कामठीला राहते. त्या गेटसमोरून मी शंभरदा गेलो असेन. नाही आलं. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स! १९४९ ला करिअप्पांच्या डोक्यातून निघालेली, सगळ्या जाती-प्रांतांची पोरं एकत्र घेणारी पायदळाची पहिली रेजिमेंट. हे मी घरी आल्यावर वाचलं. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेना नगरात आहे, तेही तेव्हाच कळलं. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला सगळे अधिकारी वर्दीत अर्धगोलात बसलेले असतात. मला विचारलं, राहण्या-जेवण्याची सोय कशी होती? चांगली होती सर. एवढंच. बाहेर येऊन छातीचा नंबर काढून परत दिला. नंबराचं ते कापड दोन्ही बाजूंनी घामानं ओलं होतं.

इंग्रजीचं म्हणशील तर फाडफाड लागत नाही, पण सलग लागतं. रोज मेट्रोत लोकमान्य नगर ते बर्डी, मैत्रिणीला दिवसभराचं काहीतरी इंग्रजीत सांग. लोक बघतील. बघू दे, भोपाळला पण बघतात.

आणि एक सोय कुणी सांगत नाही : नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं-जेवण फुकट, मुलींनाही घेतात. पण तिथं घेताना बघतात की सीडीएसची लेखी पास आहेस का, किंवा सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडचं असून एनसीसी ग्रुप मुख्यालयानं एसएसबीसाठी नाव पुढं पाठवलंय का. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कर. मला हे वय निघून गेल्यावर कळलं, त्याचा राग अजून आहे.

चेन्नईवाल्याची आई

दादांनी सगळं सांगितलं, मी फक्त आईच्या नजरेतून सांगते. माझा मुलगा सीडीएसमधून ओटीएला गेला. ४९ आठवडे ट्रेनिंग असतं आणि त्या काळात महिन्याला ५६,१०० स्टायपेंड मिळतो, हे तुझ्या आईला नक्की सांग. आणि लग्नाचं म्हणशील तर एंट्रीला अविवाहितच लागते. म्हणजे आईला म्हणावं, आधी हे, मग ते.

मेडिकलचं आत्ताच बघून घे. आमचा एसएसबीत रेकमेंड झाला आणि मेडिकलला तात्पुरता अनफिट, कशानं तर कानातल्या मळानं! दोन मिनिटांचं काम, घरात कुणाला सुचलंच नाही. दात, डोळे, वजन, तळपाय सपाट आहेत का, हे एकदा डॉक्टरांना दाखवून ठेव.

पासिंग आऊटला आईबापांनीच खांद्यावर स्टार लावायचे असतात. ह्यांचा हात इतका थरथरत होता की शेवटी मुलानंच ह्यांचं मनगट धरलं.

हिंगण्याची कॅडेट

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. बाबांना कामठीचं सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "चेन्नईला गाडी थेट जाते ना इथून?" आईला ५६,१०० चं सांगितलं तर तिनं दोनदा विचारलं, "महिन्याला?"

क्लासवाल्याला नाही कळवलं. एएनओ मॅडमनी पत्र दिलं, विभागप्रमुखांनी सही केली आणि दोन प्रॅक्टिकल शुक्रवारी करून घेतो म्हणाले. तिसऱ्याचं केमिकल संपलंय म्हणे, त्यासाठी परत जाणार आहे.

सुभेदार काका, बेरेट डोक्यावर वाळवली. सर्दी झाली.

कामठीचा सुभेदार

पंख्याखाली नाही बसायचं पोरी, उन्हात बसायचं. नागपुरात राहतेस ना?