पेंटा लसीतला पारा, अ‍ॅल्युमिनियम आणि नंतर द्यायचे ‘डिटॉक्स’ थेंब : खरं काय ते सांगा

कृष्णाकाठची आई

माझी मुलगी पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची होते. आशाताई घरी येऊन सांगून गेल्या की उपकेंद्रात पेंटाचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला यांसह पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस आहे. त्याच रात्री नणंदेने फॉरवर्ड पाठवला : लसीत पारा आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, ते मेंदूत साठतं. खाली ‘हेवी मेटल डिटॉक्स’च्या थेंबांची जाहिरात. लस दिली की पंधरा दिवस द्यायचे, त्यात धातू पकडणारं ईडीटीए नावाचं रसायन आहे म्हणे. मी बी.कॉम. आहे, केमिस्ट्रीचा गंध नाही. पण कृपा करून ‘पारा नसतोच’ असं सांगू नका. पेंटाच्या माहितीपत्रकावर थायोमर्सल लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. लस तर द्यायचीच आहे असं नवरा म्हणतो. थेंबांचं काय करू?

संयुगवाला (एम.एस्सी.ला शिकवतो)

ताई, माहितीपत्रक वाचलंत हे फार चांगलं केलंत. पारा असतो. थायोमर्सल हे पारा असलेलं संरक्षक द्रव्य आहे. त्याचं प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात २५ मायक्रोग्रॅम. वजनाने त्यातला निम्मा पारा, म्हणजे साधारण साडेबारा मायक्रोग्रॅम. आता हा पारा तिथे का आहे आणि कुठल्या रूपात आहे, ते बघा.

आधी ‘का’. १९२८ साली ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग गावी घटसर्पाची लस एकाच बाटलीतून अनेक मुलांना दिली गेली. बाटलीत जंतूंची वाढ रोखणारं काहीच नव्हतं. सुई पुन्हा पुन्हा आत गेली, जंतू शिरले आणि बारा मुलं दगावली. अनेक डोसांच्या व्हायलमध्ये संरक्षक द्रव्य असतं ते यासाठी. खासगीत मिळणाऱ्या एकेका डोसच्या अनेक लसींत ते नसतं, कारण तिथे गरज पडत नाही.

आता रूप. माझी पीएचडी धातूंच्या कॉम्प्लेक्सवर आहे आणि वर्गात पहिल्याच तासाला मी सांगतो : धातूचं नाव सांगू नका, तो कशाशी बांधलेला आहे ते सांगा. जपानमध्ये मिनामाताला माशांतून माणसांत जाऊन विषबाधा झाली, तो पारा मेथिलमर्क्युरी. थायोमर्सलमधून सुटतो तो इथिलमर्क्युरी. फरक एका कार्बनचा, पण इथिलचा बंध शरीरात लवकर तुटतो आणि पारा शौचावाटे बाहेर पडतो. अर्जेंटिनात तान्ह्या बाळांचं रक्त तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातला हा पारा निम्मा व्हायला सुमारे ३.७ दिवस लागले. मेथिलला दीड महिना लागतो. डेन्मार्कने १९९२ मध्ये थायोमर्सल बंद केलं, तरी तिथे ऑटिझमच्या नोंदी वाढतच राहिल्या. पारा कारण असता तर त्या उतरायला हव्या होत्या.

अ‍ॅल्युमिनियम हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा लांबण लावतो. १९३० च्या दशकापासून ते लसीत आहे. त्याच्या बारीक कणांवर लसीचा मुख्य घटक चिकटतो आणि प्रतिकारशक्तीला तो नीट ओळखू येतो. नंतर आपल्या शरीरातलं सायट्रेट, लिंबातल्या आम्लाचंच रूप, त्या कणांतून अ‍ॅल्युमिनियम सोडवतं. रक्तात ट्रान्सफेरिन हे लोखंड वाहणारं प्रथिन त्याला धरतं आणि मूत्रपिंडं ते हळूहळू बाहेर टाकतात. सशांवरच्या १९९७ च्या प्रयोगात खूण करता येईल असा अ‍ॅल्युमिनियमचा समस्थानिक वापरून हा प्रवास मोजलाय. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचा निम्मा भाग २८ दिवसांत रक्तात उतरला होता.

लसीच्या बाजूने बोलणारे ‘आईच्या दुधात याहून जास्त अ‍ॅल्युमिनियम असतं’ असं सांगतात, ते मला पटत नाही. पोटातून एक टक्कासुद्धा शोषलं जात नाही, टोचलेलं मात्र शेवटी सगळं रक्तात येतं. ही तुलना अर्धवट आहे आणि तिची गरजही नाही. २०२५ मध्ये डेन्मार्कने बारा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून लसीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा ऑटिझम, दमा अशा पन्नास आजारांशी संबंध शोधला. धोका वाढलेला दिसला नाही. अ‍ॅल्युमिनियमने मेंदूला इजा झाल्याचं १९७० च्या दशकात दिसलं ते डायलिसिसच्या रुग्णांत. तिथे मूत्रपिंडं निकामी होती आणि डायलिसिसच्या पाण्यातून अ‍ॅल्युमिनियम सतत येत होतं.

थेंब मात्र अजिबात देऊ नका. ईडीटीए धातूला सहा बाजूंनी पकडतं, पण पारा कुठला आणि बाळाचं कॅल्शियम कुठलं हे त्याला कळत नाही. शिशाच्या विषबाधेत डॉक्टर कॅल्शियम आधीच बांधलेलं ईडीटीए देतात, तेही दवाखान्यात, रक्त तपासत. २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘धातू काढायला’ शिरेतून डायसोडियम ईडीटीए दिलं. त्याने रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं, हृदय थांबलं आणि मूल गेलं. शिशाच्या विषबाधेत देतात ते आणि हे, या दोन औषधांच्या नावांत फरक फक्त एका धातूचा, कॅल्शियमचा. तोंडाने घेतलेलं ईडीटीए फारसं शोषलं जात नाही हे खरं, पण त्या बाटलीत आणखी काय आहे हे कोण सांगणार? ज्याने पारा दाखवून घाबरवलं, तोच औषध विकतोय, हेही बघा.

उपकेंद्रातली सिस्टर, कोल्हापूर जिल्हा

सरांनी शास्त्र सांगितलं, मी टेबलावरचं सांगते. पेंटाची व्हायल उघडली की मी तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिते, नीट ठेवली तर ती २८ दिवस चालते. गोवर-रुबेलाची मात्र चार तासांत टाकून द्यावी लागते, कारण त्या लसीतला विषाणू जिवंत असतो आणि त्यात संरक्षक द्रव्य घालता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमवाली लस गोठली की वाया जाते. म्हणून आईसपॅक फ्रीजरमधून काढून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवते, मगच कॅरियरमध्ये घालते. गोठून वितळलेल्या लसीत गुठळ्या होतात आणि त्या झटकन तळाशी बसतात. लसीला जास्त उष्णता लागली का ते दाखवणारा एक गोल व्हायलवर असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची. ताई, सिस्टरला ‘दाखवा’ म्हणा, राग येणार नाही.

इंजेक्शन डाव्या मांडीत देतो. नंतर अर्धा तास तिथेच बसा. ताप, टोचल्या जागी सूज, किरकिर हे एक-दोन दिवस होतं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजन बघून आम्ही सांगतो, अंदाजाने देऊ नका. जागेवर हळद, तेल, बटाटा काही लावू नका. तीन तासांहून जास्त सलग रडणं, झटका, अंग ढिलं पडणं, श्वासाला त्रास यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा आणि आम्हालाही कळवा. त्याची नोंद करून वर पाठवणं आमचं काम आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती नोंद होतच नाही.

कृष्णाकाठची आई

दोघांचे मनापासून आभार. फॉरवर्डला उत्तर म्हणून ईडीटीएचा परिच्छेद नणंदेला पाठवला. आणखी दोन शंका. सासूबाई म्हणतात, ताप आला नाही तर लस लागलीच नाही. आणि मुलगी तीन आठवडे आधी झालीय, वजन २ किलो १०० होतं. थोडं थांबू का?

उपकेंद्रातली सिस्टर, कोल्हापूर जिल्हा

ताप नाही आला तरी लस लागते, आजींना निर्धास्त राहायला सांगा. आधी जन्मलेल्या बाळालाही वय जन्मतारखेपासूनच मोजून लस देतात. तब्येत ठीक असेल तर थांबू नका, कारण डांग्या खोकला अशा लहान बाळांनाच जास्त छळतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा झटके असं काही डॉक्टरांनी सांगितलं असेल तर कार्ड आणि डिस्चार्जचा कागद घेऊन या, आधी मेडिकल ऑफिसरना दाखवू.

संयुगवाला

थेंबांच्या बाटलीचा फोटो मिळाला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येईल. लेबलवर बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का, तेवढं नणंदेकडून बघून घ्या. अर्ज लिहायला मी मदत करतो.